टोपलीतले किडके सफरचंद

वाचकहो, आपली लेक इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षेला बसली असेल, तर पाटावर तांब्या आणि सीताफळ मांडून ती रंगवताना आपण पाहिली असेल. ह्यालाच स्थिरचित्र म्हणतात. अशा वेळी गोंदियाकडच्या घरात आजी हटकून म्हणते, "तो काळा डाग कायले काढतेस वो? चांगलं फळ मांड ना!"

आजीचे बाजारापुरते बरोबरच आहे. डागी फळाला गिऱ्हाईक नाही. पण चित्राचा हिशेब निराळा. इटलीतल्या काराव्हाज्जोने सुमारे 1599 साली फळांची टोपली रंगवली. ती मिलान शहरात आजही पाहायला मिळते. तीत द्राक्षे आहेत, अंजिरे आहेत, आणि अगदी समोर एक सफरचंद आहे, त्याला किडीचे भोक! काही पाने वाळलेली, काही अळीने खाल्लेली. भरल्या टोपलीतच नासण्याची सुरुवात असते, असा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला. शेतकऱ्याला तो कोणी समजावून सांगायला नको.

आपले सीताफळही असेच बोलते. डोळ्यांमधल्या खाचा पिवळसर पांढऱ्या झाल्या की फळ तोडायला आले. लेकीने तेवढी रेघ नीट पकडली, तर फळ कोणत्या दिवसाचे ते बघणाऱ्याला कळते. (बाजारात विकतच्या चित्रांतली फळे बारा महिने एकाच दिवसाची असतात!) मात्र पिकलेले सीताफळ दोन दिवसांत मऊ पडून काळवंडते. तेव्हा आधी तेच रंगव म्हणावे, तांब्या थांबेल.