बाहुलीघराच्या बाह्यभिंतीवरील विटांचा आभास

१९२० च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांत रंगविलेल्या पडद्यांऐवजी घनाकार नेपथ्य उभारले. सपाट रेघेला छाया नसते, ही अडचण बाहुलीघराच्या भिंतीवर नुसत्या रेघांनी विटा दाखवू पाहणाऱ्यासही नडते.

तथापि बहुधा चुकते ते प्रमाण. १:१२ या मापात १९० × ९० मिलिमीटर दर्शनी बाजूची वीट सुमारे १६ × ७.५ मिलिमीटर होते. १० मिलिमीटरचा सांधा मात्र अवघा ०.८ उरतो. २ मिलिमीटरची खाच कोरणे म्हणजे प्रत्यक्षात २४ मिलिमीटरचा सांधा. असे काम कोणताही गवंडी पत्करणार नाही. म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर अर्धवट आळताच सुईनेच सांधे कोरावेत. उभे सांधे दर थराला अर्ध्या विटेने सरकवावेत आणि कोपऱ्यावर एकाआड एका थरात विटेची आखूड बाजू दाखवावी. अन्यथा भिंत पुठ्ठ्याचीच वाटते.

प्रथम सर्वत्र चुन्याचा करडा रंग द्यावा व तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने विटांचे पृष्ठभाग तेवढे रंगवावेत. सांध्यांत करडा रंग आपोआप राहतो. भट्टीत आचेजवळची वीट काळसर व दूरची फिकट निघते, तेव्हा एकच तांबडा रंग कामाचा नाही. चकाकणारा रंग तर सर्वथा वर्ज्य.