छोटी चकती, तिच्यातून वीज! सिरॅमिकचा फ्युएल सेल बनतो कसा? घरी बनवता येईल का?

वसई : पावसाळ्यात लाईट गेली की उमेळ्यात पहिला प्रश्न, इन्व्हर्टर किती वेळ टिकेल? जनरेटर लावावा तर आवाज, धूर आणि इंधनाचा खर्च. गॅसपासून थेट वीज देणारा सिरॅमिकचा फ्युएल सेल हा त्यावरचा एक पर्याय आहे. पण तो बनतो कसा?

वीज येते कुठून?
या सेलमध्ये फिरणारा भागच नाही. मध्ये झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची चकती असते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन. चकती साधारण ८०० अंश सेल्सिअसला तापली की हवेतल्या ऑक्सिजनचे भारित कण तिच्यातून पलीकडे जातात आणि हायड्रोजनशी मिळून वाफ होते. इलेक्ट्रॉनला मात्र चकतीतून वाट नसते, ते बाहेरच्या वायरमधून फिरतात. तीच आपली वीज. बीएस-६ दुचाकीच्या सायलेन्सरच्या नळीवर जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यातही बहुधा हेच झिर्कोनिया असतं.

बनवायचा कसा?
१) यिट्रिया मिसळलेली झिर्कोनियाची बारीक पावडर पोलादी डायमध्ये दाबून चकती करतात. अशी डाय वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतले कारागीर सहज बनवतील.
२) चकती १४०० ते १५०० अंशांना काही तास भाजतात. वीटभट्टी साधारण हजार अंशांची, म्हणजे तिथे हे काम होणार नाही. भाजल्यावर चकती सुमारे पाचव्या हिश्श्याने आकसते.
३) एका बाजूला निकेल ऑक्साईड आणि झिर्कोनियाचा लेप, दुसऱ्या बाजूला लँथनम, स्ट्रॉन्शियम, मँगनीजच्या ऑक्साईडचा लेप. दोन्ही पुन्हा भाजायचे.
४) चांदीची जाळी-तारा जोडून कडा खास काचेने बंद करतात.

खरी कसोटी एकच : चकतीतून गॅस गळता कामा नये. केसाएवढी भेग गेली तरी हायड्रोजन आणि हवा एकत्र येतात आणि सेल वाया जातो. म्हणून तापवणं आणि थंड करणं अगदी सावकाश.

मोबाईल चार्ज होईल?
एका सेलचा दाब काम करताना साधारण ०.७ व्होल्ट. त्यावर साधा एलईडीही पेटत नाही. मोबाईलच्या ५ व्होल्टसाठी सात-आठ सेल ओळीने जोडावे लागतात. शिवाय एवढासा सेल स्वतःला गरम ठेवू शकत नाही. भट्टी जितकी वीज खाते, त्यापेक्षा कमीच तो देतो.

मग उपयोग काय? मोठ्या संचात सेल आपल्याच उष्णतेवर गरम राहतात. जपानमध्ये असे घरगुती संच २०११ पासून विकले जातात. आपल्याकडे कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था यावर काम करते. गोबरगॅसवरही हा सेल चालू शकतो, पण त्यातला गंधक आधी काढावा लागतो, नाहीतर निकेल खराब होतं.

घरी करू नका
हायड्रोजनचा स्फोट होऊ शकतो आणि निकेल ऑक्साईडची धूळ श्वासातून गेली तर कॅन्सरचा धोका असतो. विज्ञान शाखेच्या मुलांनी हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोरच करावा. या पावसाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आहे का, तेवढं मात्र आजच बघा.