संन्यासी पिता आणि परागंदा पिता

कुशालनगर सोडून कावेरी ओलांडली की म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे लागते. १९६० नंतर तत्कालीन म्हैसूर राज्याने दिलेल्या जमिनीवर येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. मक्याची शेते, सेरा मठाच्या इमारती आणि तांबडी वस्त्रे ल्यालेले भिक्षू हे येथील नित्याचे दृश्य होय. ते पाहताना दत्तकविधानाच्या कायद्यातील एका भेदाची आठवण होते. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्धांनाही लागू आहे.

अशा गावातील दोन पित्यांची कल्पना करू. दोघेही लहान मूल मागे ठेवून घर सोडतात. पहिला विधिपूर्वक प्रव्रज्या घेऊन मठात जातो. दुसरा परदेशी जातो. पुढे तो ना पैसे धाडतो, ना मुलाची विचारपूस करतो. दोघींही रीतसर घटस्फोट घेऊन पुनर्विवाह करतात. नवे पती त्या मुलांना जीव लावतात, त्यांचे शिक्षण करतात आणि त्यांना दत्तक घेऊ इच्छितात. कायदा मात्र दोन्ही घरांना सारखे उत्तर देत नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या ९ व्या कलमात मूळ अधिकार पित्याकडे होता. २०१० च्या दुरुस्तीने मूल दत्तक देण्याचा अधिकार माता व पिता यांना समान मिळाला. पण एकाने तो दुसऱ्याच्या संमतीनेच वापरावयाचा आहे. अपवाद तीनच : दुसऱ्याने संसाराचा पूर्णपणे व कायमचा त्याग केला असेल, धर्म सोडला असेल, किंवा न्यायालयाने त्याला विकलमनस्क ठरविले असेल. नुसती वस्त्रे बदलून संन्यास सिद्ध होत नाही, त्यासाठी आवश्यक ते विधी व्हावे लागतात, हेही न्यायालयांनी सांगितले आहे. म्हणजे भिक्षू झालेल्या पित्याची संमती लागत नाही. मुलाला टाकून गेलेल्याची लागते. त्याने एका पत्राने ‘नाही’ कळविले की दत्तकविधान थांबते. सात वर्षे ठावठिकाणा न लागलेल्या माणसाला कायदा मृत मानू शकतो; परंतु नकाराचे ते पत्रच तो हयात असल्याचा पुरावा ठरते!

बाल न्याय कायद्याचा मार्गही फारसा सुकर नाही. त्याखालील नियमांत सावत्र पित्याने दत्तक घेण्याची तरतूद आहे, पण तेथेही जन्मदात्याचे संमतिपत्र मागितले जाते. आणि मूल आईजवळ असल्यामुळे ते ‘परित्यक्त’ या व्याख्येत बसत नाही.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दत्तकविधानाने मुलाचे जन्मघराण्याशी असलेले कायदेशीर नाते तुटते. पूर्वी प्राप्त झालेली मालमत्ता तेवढी त्याच्याकडे राहते. शिवाय दूर असलेला प्रत्येक पिता निष्ठुर नसतो. कित्येकदा पतिपत्नींच्या कलहात त्याला मुलाची भेटच मिळू दिली जात नाही. अशा पित्याच्या हातून मूल परस्पर जाऊ नये, म्हणून संमतीची अट आहे आणि ती योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की ज्याने पित्याचे एकही कर्तव्य केले नाही त्यालाही हेच संरक्षण का मिळावे?

आपल्याच इतर कायद्यांनी याचा विचार केलेला आहे. विवाहकायद्यात संन्यासाप्रमाणेच दोन वर्षांचा परित्याग हेही घटस्फोटाचे कारण आहे. पालकत्वाच्या बाबतीत विदर्भातील एका शेतजमिनीच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पिता हयात असूनही अनेक वर्षे वेगळा राहून मुलीकडे लक्ष देत नसेल, तर माताच नैसर्गिक पालक होय. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात हे तत्त्व अधिक व्यापक झाले. इंग्लंडमध्ये तर १९२६ च्या पहिल्या दत्तक कायद्यातच, मुलाला टाकून गेलेल्या पालकाची संमती वगळण्याची मुभा न्यायालयाला होती. म्हणजे परागंदा पतीपासून पत्नी सुटते, मातेला पालकत्व मिळते. मुलापुरता मात्र त्याचा नकार शाबूत राहतो.

तोवर अशा कुटुंबाने काय करावे? सावत्र पुत्राला सावत्र पित्याचा वारसा आपोआप मिळत नाही. म्हणून मृत्युपत्र करून ठेवावे. जन्मदाता पालक होण्यास अपात्र असल्याची न्यायालयाची खात्री पटल्यास १८९० च्या पालकत्व कायद्याखाली सावत्र पित्याला पालक नेमून घेता येते. मात्र विलंब करू नये. रूढीचा आधार नसेल तर १९५६ च्या कायद्याखाली पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दत्तक घेता येत नाही, आणि बाल न्याय कायद्याचा मार्ग अठराव्या वर्षी संपतो.

नकार देणाऱ्याला अवश्य बोलवावे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मग न्यायाधीशाने त्याला विचारावे, की एवढ्या वर्षांत या मुलासाठी तू काय केलेस? हा प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर तोलण्याचा स्पष्ट अधिकार न्यायालयाला देणारे एक वाक्य ९ व्या कलमात आले, तर पित्याचाही अन्याय होणार नाही आणि मुलाचे बालपण एका पत्रासाठी खोळंबणार नाही.