हळू आवाजाचें गाणें

गाण्याचा जलसा म्हटला कीं दिव्यांचा लखलखाट व वाद्यांचा कल्लोळ पुष्कळांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु प्रतीक कुहाड यांचें गाणें शहरांतील सभागृहांत प्रत्यक्ष ऐकणें, हा निराळाच प्रकार आहे.

हे गायक मूळचे जयपूरचे. न्यूयॉर्क विद्यापीठांत त्यांनीं गणित व अर्थशास्त्र यांचा अभ्यास केला. पुढें संगीत हाच व्यवसाय पत्करला. गीत व चाल स्वतः रचून गिटारीवर तें हळुवार म्हणावें, अशी त्यांची रीत. त्यांचें २०१८ सालचें 'कोल्ड/मेस' हें इंग्रजी गीत बराक ओबामा यांनीं २०१९ च्या आपल्या आवडत्या गीतांच्या यादींत घातलें होतें.

इतका मंद स्वर शेंकडों श्रोत्यांपर्यंत पोंचतो कसा? पूर्वीच्या संगीत नटांस शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेंकावा लागे. मायक्रोफोन मात्र ओठांजवळचा श्वासहि टिपतो; विजेच्या साहाय्यानें तो मोठा होऊन सभागृहभर पसरतो. तथापि हें यंत्र श्रोत्यांची कुजबुज थांबवूं शकत नाहीं. शेजारी बोलूं लागला, कीं कडवें बुडालेंच! म्हणून अशा गाण्याचा अर्धा भार श्रोत्यांवर असतो.

वर्गांत हळू बोलणाऱ्या मुलास "मोठ्यानें बोल" असें आम्ही सर्वच सांगतों. मुलांनो व पालकहो, कधीं कधीं आपणच गप्प व्हावें, म्हणजे त्याचें बोलणें ऐकूं येईल, असें आम्हांस वाटतें.