"सर, थोडं बोलायचं होतं..." : अडचण वेळेवर आणि स्पष्ट कशी सांगायची?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं आटोपशीर केली आहेत.)



सॉफ्ट स्किल्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फाडफाड इंग्रजी, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हसरा चेहरा. क्लासवाल्यांच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात हेच चित्र पक्कं केलंय. आज मी त्यातलं एकच कौशल्य घेणार आहे, आणि त्याचा इंग्रजीशी फारसा संबंध नाही. ते म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या माणसाला अडचण वेळेवर आणि स्पष्ट सांगणं.

हे किती महत्त्वाचं आहे, ते एका विमान अपघातावरून समजून घेऊ.

पोर्टलँड, २८ डिसेंबर १९७८

युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट १७३ अमेरिकेतल्या पोर्टलँडला उतरणार होतं. विमानात १८९ माणसं होती. चाकं खाली सोडताना मोठा आवाज झाला आणि चाकं नीट बसली की नाही, अशी शंका आली. कॅप्टननं उतरणं लांबवलं. चाकांची तपासणी आणि प्रवाशांची तयारी यात जवळजवळ तास गेला. विमान विमानतळाच्या आसपास घिरट्या घालत राहिलं, आणि इंधन संपत आलं.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुःखच आहे ते. इंधन कमी होतंय हे कॉकपिटमध्ये दिसत होतं. अजून पंधरा मिनिटं घेतली तर इंधन फारच कमी उरेल, अशा अर्थाचं फ्लाइट इंजिनिअर बोललासुद्धा होता. पण "म्हणून आत्ताच उतरायला हवं" हे पुढचं वाक्य ठामपणे कुणी म्हटलं नाही. कॅप्टनचं लक्ष चाकांवर होतं. शेवटी इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडे, शहराच्या वस्तीत कोसळलं. दहा माणसं गेली.

चौकशी अहवालात मुख्य ठपका कॅप्टनवर आला. इंधनावर त्यानं लक्ष ठेवलं नाही आणि सहकाऱ्यांच्या सूचनांची दखल घेतली नाही. पण त्याच अहवालात असंही म्हटलंय की, इतर दोघांना एक तर इंधनाच्या स्थितीचं गांभीर्य पुरतं कळलं नाही, किंवा आपली काळजी त्यांना कॅप्टनपर्यंत नीट पोचवता आली नाही. या तिघांचं इंग्रजी अस्खलित होतं. तांत्रिक शिक्षण उत्तम होतं. कमी पडलं ते दुसरंच काहीतरी.

त्यानंतर १९७९ मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेडनं वैमानिकांसाठी खास प्रशिक्षण सुरू केलं. आज त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात, आणि जगभरातल्या वैमानिकांना ते घ्यावं लागतं. म्हणजे "आमचा स्वभावच भिडस्त आहे हो" असं म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही. बोलणं शिकवता येतं, सराव करून अंगवळणी पाडता येतं.

मोघम बोलणं आणि स्पष्ट बोलणं

आपल्याकडे तर भीड भिकेची बहीण म्हणतात, तरी साहेबांसमोर आपण आडून आडूनच सुचवतो. समजा, आज गुरुवार आहे. उद्या क्लायंटला काम द्यायचंय आणि तुम्हाला दिसतंय की ते पूर्ण होणार नाही. आपण काय म्हणतो?

"सर, टेस्टिंग थोडं बाकी आहे."

सर म्हणतात, "हं, करून टाका." आपण जागेवर येऊन बसतो आणि मनाचं समाधान करून घेतो की आपण तर सांगितलं. पण सरांना काय कळलं? काहीच नाही.

वैमानिकांच्या प्रशिक्षणात यासाठी पाच पायऱ्यांची एक पद्धत शिकवतात. समोरच्याला नावानं किंवा पदानं हाक मारा. तुम्हाला काळजी वाटतेय हे सांगा. नेमकी अडचण सांगा. उपाय सुचवा. आणि शेवटी त्यांची संमती विचारा. तेच वाक्य आता असं होतं:

"सर, दोन मिनिटं हवीत. मला उद्याच्या डिलिव्हरीची काळजी वाटतेय. तीनपैकी एका मोड्यूलचं टेस्टिंग बाकी आहे, त्याला दोन दिवस लागतील. उद्या दोन मोड्यूल देऊ आणि तिसरं मंगळवारी देऊ. क्लायंटला मी आजच मेल टाकतो. चालेल का?"

यात उद्धटपणा कुठेच नाही. "सर" आहे, "चालेल का" आहे. फक्त आकडा, दिवस आणि उपाय आले. शेवटचा प्रश्न फार कामाचा, कारण त्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं.

आणि सरांनी लक्षच दिलं नाही तर? पुन्हा एकदा, जास्त स्पष्ट शब्दांत सांगा. तरीही नाही, तर मेलवर लिहून ठेवा. प्रश्न कुणाच्या सुरक्षिततेचा असेल तर मात्र मेलवर थांबू नका, त्यांच्या वरच्या माणसाकडे जा.

वरच्या खुर्चीतल्यांसाठी

सगळा भार ज्युनिअरवर टाकणं बरोबर नाही. गेल्या वेळी बोलल्यावर चारचौघांत पाणउतारा झाला असेल, तर यंदा तो गप्पच बसणार.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक चेकलिस्ट आणली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असा त्यात एक मुद्दा आहे. नर्सचा आवाज एकदा खोलीत उमटला की पुढे चूक दिसल्यावर तिला तोंड उघडणं सोपं जातं. आठ शहरांतल्या रुग्णालयांत, त्यात दिल्लीही होती, ही चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हे श्रेय एकट्या ओळख करून देण्याला नाही, चेकलिस्टमध्ये बाकीही बरंच आहे. पण बोलण्याची मुभा तिचाच भाग आहे.

तेव्हा तुम्ही टीम लीडर असाल तर मीटिंगच्या शेवटी "काही शंका?" असं विचारू नका, सगळे मान हलवतात. त्याऐवजी विचारा, "यात कुठे अडकू शकतो?" आणि सर्वांत नव्या माणसाला आधी बोलू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

मनात दाबून ठेवलेली एक अडचण निवडा. पाच पायऱ्यांत कागदावर लिहा. आरशासमोर नाही, मित्रासमोर दोनदा मोठ्यानं म्हणा. मग जाऊन सांगा. पहिल्यांदा आवाज थोडा कापेल, कापू दे. उशिरा सांगितलेली अडचण निस्तरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि वाटली तर ती बोलूनही दाखवा!