लाँच तापली, तर आधी पाण्याचा माग काढा

मेढा गाव वेण्णा नदीकाठी असलं, तरी त्याचा जावळी तालुका पश्चिमेला कोयनेच्या शिवसागर जलाशयाला भिडतो. साठच्या दशकात धरण भरलं, जुन्या वाटा बुडाल्या, आणि बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जायला लाँच हीच सोय झाली. अशी लाँच भर पाण्यात तापली की ‘इंजिन गेलं’ हाच पहिला निष्कर्ष निघतो. माझ्या मते तो बहुधा घाईचा असतो. जळालेल्या डिझेलची साधारण एक तृतीयांश उष्णता थंड करणाऱ्या यंत्रणेला वाहून न्यावी लागते, आणि लाँचमध्ये हे काम सहसा जलाशयाचंच पाणी करतं. तळाच्या तोंडातून ते आत येतं, गाळणीतून जातं, रबरी पात्यांचा इम्पेलर त्याला पुढे ढकलतो आणि उष्णता घेऊन ते मागून बाहेर पडतं. म्हणून आधी मागची धार बघावी. ती बारीक झाली असेल, तर दोष तोंड, गाळणी आणि पंप यांतच शोधायचा. धार जोरात असूनही तापमानाचा काटा चढत असेल, तरच कूलंट, बेल्ट, थर्मोस्टॅट यांच्याकडे वळावं. पंख्यात जाळं अडकून इंजिनावर ताण आलाय का, तेही पाहावं.

यावर कुणी म्हणेल, हे काही समुद्राचं खारं पाणी नव्हे, इथे काय तुंबणार? मिठाचा थर बसत नाही हे खरं. पण उन्हाळ्यात पाणी ओसरलं की लाँच चिखलाच्या काठाला लागते आणि गाळ, पालापाचोळा, प्लॅस्टिक ओढलं जातं. दुसरा युक्तिवाद मिस्त्रीमंडळींचा लाडका: ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ तो अडकलेला असेल तर नवा बसवावा. नुसता काढला, तर इंजिन हवं तितकं गरम होत नाही, डिझेल नीट जळत नाही, झीज वाढते. शिवाय तुंबलेली वाट तशीच राहते, आणि लाँच माणसांनी भरल्यावर तोच दोष पुन्हा डोकं वर काढतो.

काटा चढताच वेग कमी करावा. धार थांबली असेल तर इंजिन बंद करून नांगर टाकावा. कूलंटचं तापलेलं झाकण उघडू नये, इंजिनावर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जातो. पंप उघडल्यावर इम्पेलरची पाती मोजावीत. सहापैकी चारच उरली असतील, तर नवा इम्पेलर बसवण्याआधी तुटलेली दोन नळीत शोधावी लागतात.