तळ्यातला कोउरा वाढतोय का, हे कसं ओळखायचं?

आज बोलू या कोउराबद्दल. कोउरा म्हणजे न्यूझीलंडच्या ओढ्या-तळ्यांतला, गोड्या पाण्यातला क्रेफिश. दिसायला थेट लहानशी शेवंड, पण पुढे खेकड्यासारख्या दोन नांग्या. इथे काही ठिकाणी त्याची तळ्यांत शेतीही होते.

तळ्याचा तळ दिसत नाही आणि कोउरा बाहेर पडतो रात्री. मग वाढ कळणार कशी?

आधी एक लक्षात घ्या. कोउराचं कवच वाढत नाही. तो कात टाकतो, मऊ अंगाने फुगतो आणि मग नवं कवच टणक होतं. पिल्लं वर्षातून बऱ्याचदा कात टाकतात, मोठे मोजक्याच वेळा. त्यामुळे महिनाभर माप तेच राहिलं, तर लगेच घाबरू नका.

मोजायचं काय? शेपटी तो आखडून घेतो, नांगी तुटलेली असू शकते. म्हणून पूर्ण लांबी आणि वजन दोन्ही फसवतात. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये मोजा. पोटाखाली अंडी असलेली मादी हलक्या हाताने लगेच पाण्यात सोडा.

खरी चूक होते ती पकडताना. आमिषाच्या पिंजऱ्यात मोठे, दांडगे कोउराच जास्त शिरतात. तेवढेच मोजले तर तळं भरभराटीला आलंय असं वाटतं. प्रत्यक्षात नुकतीच कात टाकलेले लहान कोउरा मोठ्यांच्या तोंडी जात असतील, तर पुढची पिढीच नसेल!

यावर रोटोरुआच्या सरोवरांतल्या ते आरावा माओरींची जुनी युक्ती आहे. नेच्याच्या जुड्या लांब दोरीला बांधून तळाशी सोडायच्या. आसऱ्याला लहानमोठे सगळेच येतात. जुडी वर घेताना खाली विणलेली चटई धरायची. आज शास्त्रज्ञही कोउराची पाहणी करायला हीच पद्धत वापरतात.

दर वेळी तितक्याच जुड्या, तितकेच दिवस ठेवा आणि मापांचे गट करून वहीत मांडा. लहान गट दिसेनासा झाला, तर आसरा वाढवा आणि मोठे काढा.

आणि हो, तुमच्या शेतात तळं असलं, तरी परवान्याशिवाय कोउराची शेती करता येत नाही. ओढ्यातून पकडलेले कोउरा विकणंही बेकायदा आहे.